फ्रीजरबाहेर राहिलेली शाल
माझी ताई तशी भित्री नाही. पाल दिसली तर झाडूनं उचलून बाहेर टाकते, मेहुणे तोवर खुर्चीवर चढलेले असतात. पण लोकरीला कसर लागली म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळतं.

गावच्या छोट्या संग्रहालयात जे मांडलेलं नसतं, ते सगळं तिच्या ताब्यात असतं. मागे एक बिनखिडकीची खोली आहे, तिथं लोखंडी रॅकवर पांढरे खोके ठेवलेत. तिचा सगळ्यात जास्त जीव अग्निशमन दलाच्या जुन्या लोकरी कोटांवर. एका वखारीच्या आगीतून काही जवान परत आले नाहीत, घरी टांगलेले त्यांचे जादा कोट तेवढे मागे राहिले. त्यांची नातवंडं अजून येतात आणि नुसती बघत उभी राहतात.

बाहेरून आलेलं लोकरीचं काहीही आधी पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये जातं. तिथं दोन आठवडे गारठलं की कसर मरते, तिची अंडीही मरतात, मगच रॅकवर जागा. तो फ्रीजर मीच दुरुस्त करतो, माझा धंदाच तो. एकदा ताईनं संग्रहालयाच्या प्रमुखांचा, म्हणजे साहेबांचा मफलरसुद्धा दारातच काढून घेतला होता. आम्ही तिला त्यावरून पुष्कळ चिडवलं.

त्या दुपारी तिचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली. मला वाटलं, फ्रीजर बसला. जाऊन बघतो तर ताई रॅकला धरून उभी. कोपऱ्यातल्या चिकटसापळ्यावर कसरीची बारीक सोनेरी पाखरं अडकली होती आणि टेबलावर पसरलेल्या कोटाच्या बाहीला भोक पडलं होतं. भोकाच्या कडेला अळी हलत होती. एवढंसं भोक, रफू करू, असं मी म्हणालो. ताईनं असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

मग आम्ही एकेक खोका उघडायला घेतला. आत कसर दिसली नाही तरी ताई प्रत्येक शिवण उलटून बघायची. मी दहादा धीर दिला, पण खरं सांगायचं तर माझंही धाबं दणाणलं होतं. खालच्या फळीवरचा एक खोका मात्र ती सारखी टाळत होती. त्यात काय आहे विचारलं तर म्हणाली, काही नाही. त्यावर नंबर नव्हता. तिच्या खोलीत बिननंबराची टाचणी सापडत नाही. शेवटी मीच तो ओढून उघडला.

खोक्यात आमच्या आईची शाल होती. आई गेल्यावर, घरातल्या ओलीनं शालीला बुरशी धरेल म्हणून ताईनं ती गुपचूप इथं आणून ठेवली होती. आईचा वास जाईल म्हणून धुतलीही नव्हती.

"आणि फ्रीजर?" मी विचारलं.

ताई खालीच बघत होती. "तिला थंडी सोसायची का कधी? शेवटी शेवटी सारखं पांघरूण मागायची. तिला त्या बर्फात ठेवायला माझं मन झालं नाही रे."

तिनं शाल उलगडली. हनुवटीखाली आई जिथं मुठीत धरून बसायची, नेमकी तिथं चाळण झाली होती. घामट, डाग पडलेली लोकर कसर आधी खाते, हे ताईनंच मला सांगितलेलं.

ताईची नोकरी जाणार, या भीतीनं मी भलतंच बोलून गेलो. फ्रीजर बंद पडला होता म्हण, मी तसं लिहून देतो. ताईनं नकारार्थी मान हलवली आणि शाल तशीच हातात घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर जीव मुठीत धरून उभा राहिलो.

साहेब ओरडले नाहीत, त्यानं जास्तच भीती वाटली. त्यांनी किल्ली मागून घेतली. नोकरीचं समितीच ठरवील म्हणाले, तोवर तिनं खोलीत एकटीनं जायचं नाही. आधी सगळे कोट फ्रीजरमध्ये. शाल जाळून टाका म्हणाले, मग तिच्याकडे बघून म्हणाले, बरं, तीही ठेवा.

कोट आत गेले, वर थोडी जागा उरली. ताईनं शालीची पिशवी तिथं ठेवली, पण हात काही बाहेर काढेना. गार वाफ तिच्या मनगटावर येत होती.

"आई, थोडे दिवस सोस," ती म्हणाली.

तिचा हात मीच धरून बाहेर काढला आणि झाकण लावलं.