ॲडमिन गटातले मानकरी

दोन हजार सालानंतर शिरूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या खोलीत, नोकरीला होतो. नवा सर्व्हर आला, सगळी मशिनं एका जाळ्यात बांधणारं विंडोजचं डोमेन उभं राहिलं आणि प्रत्येकाचं अकाउंट काढून त्याला योग्य गटात घालायचं काम माझ्याकडे आलं. काट्यावरच्यांनी उसाचं वजन भरायचं, हिशोबवाल्यांनी बिलं बघायची, एकानं दुसऱ्याच्या फायलीत डोकावायचं नाही, इतका साधा मामला. सगळी कुलपं उघडणारा ॲडमिन गट वेगळा. त्यात मी एकटाच.

ही बातमी भांडारप्रमुखांनी वर पोचवली. ते व्हाइस चेअरमनचे मेहुणे, आणि आपण नुसते 'युजर' आहोत हे त्यांना झोंबलं होतं. व्हाइस चेअरमनना सगळे आबा म्हणत. आबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, कारखाना सभासदांचा, मग ॲडमिन तुम्ही एकटे कसे? मी पासवर्ड, व्हायरस, चुकून पुसली जाणारी बिलं, सगळं समजावलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं.

"साहेब, आपल्याला त्या मशिनला हातबी लावायचा न्हाई," ते म्हणाले. "फकस्त नाव पायजे."

मग मी 'बोर्ड ॲडमिनिस्ट्रेटर्स' नावाचा नवा गट केला, सगळे संचालक त्यात घातले आणि त्या गटाला कसलाच अधिकार दिला नाही. त्याच्या जोरावर साधी फाईलसुद्धा उघडली नसती. पण उघडायला बसणार कोण होतं? मंडळाच्या बैठकीत सर्वांनी पडद्यावर आपापलं नाव पाहिलं, पेढे वाटले गेले. तक्रार एकच आली. विरोधी गटाच्या संचालकाचं नाव चेअरमनच्या वर दिसत होतं. कॉम्प्युटर नावं अक्षरांच्या क्रमानं लावतो, हे चेअरमनना काही पटेना. शेवटी मी त्यांच्या नावाआधी इंग्रजी अक्षरांत 'अध्यक्ष' जोडलं, आणि 'ए' अक्षराच्या कृपेनं ते पहिले आले.

पुढे निवडणुकीत आबांचं पॅनेल पडलं. नव्या चेअरमनचा पहिला हुकूम मला आला: जुन्यांना त्या गटातून ताबडतोब काढा, नाहीतर ते घरबसल्या कारखाना चालवतील.

दुपारी आबा स्वतः माझ्या खोलीत आले. चपला दाराबाहेर काढल्या, कारण कॉम्प्युटरच्या खोलीचा तसा रिवाज होता. खिशातून मुलीच्या लग्नाची पत्रिका काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या नावाखाली ठळक छापलं होतं, 'व्हाइस चेअरमन तथा ॲडमिनिस्ट्रेटर'.

"व्हाइस चेअरमन तर गेलंच," ते हळू आवाजात म्हणाले. "पत्रिका वाटून झाल्यात. लग्नापुरतं दुसरं तरी राहू द्या."

गाडी गेली, केबिन गेली, शिपाई गेला, तेव्हा हा माणूस कुणाकडे काही मागायला गेला नव्हता. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. मी नव्या चेअरमनना सांगितलं की एवढ्या मोठ्या माणसांना काढायला सर्व्हरला वेळ लागतो. त्यांनी जाणकारासारखी मान हलवली.

दौंडच्या मंगल कार्यालयात लग्न झालं. माइकवाल्यानं आबांची दोन्ही पदं दणक्यात पुकारली. मला फेटा बांधून पुढच्या रांगेत बसवलं, आणि आबांनी व्याह्यांशी माझी ओळख करून दिली, "हे आमच्या हाताखाली हायेत."

सोमवारी मी जुनी नावं काढली आणि नव्या मंडळाची घातली. आपलं नाव चढलं का, हे विचारायला नव्या चेअरमनचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता.