धोब्याच्या पायातली कडी

गच्चीवर कपडे वाळत घालताना टाकीशेजारी एक धोबी पक्षी शेपूट हलवत फिरताना दिसला. पायात अ‍ॅल्युमिनियमची कडी होती. आमच्या ह्यांनीच घातलेली असणार. पाखरं कुठून कुठे जातात ते कळावं म्हणून तळ्याकाठी जाळं लावून त्यांना नंबराच्या कड्या घालणारं गावात दुसरं होतं कोण?

हे जाऊन वर्ष होत आलं, तरी माझा मत्सर काही जात नाही. जन्मभर दर रविवारी पहाटे हे पदरमोड करून तळ्यावर! एकदा मीही गेले होते. पाखराची मान दोन बोटांत अलगद धरून ह्यांनी त्याच्या पोटावरची पिसं फुंकरीने बाजूला केली. लांबच्या प्रवासापुरती चरबी अंगावर आहे का, ते पाहिलं. "पोहोचशील हं नीट," म्हणाले. मी माहेरी निघाले की मात्र एवढंच विचारायचे, "डब्याचं काय?"

हातातली ओली चादर झटकून त्या मेल्याला उडवावं, असं फार वाटलं. पण ह्यांचा हात लागलेले जीव त्या गच्चीवर आम्ही दोघंच होतो. मी चादर न झटकताच दोरीवर टाकली.