साळूबाईची पोटगी

साळूबाई कोरेगावात नाथाजीच्या घरी बारा वर्षं नांदली. मूल झालं नाही, तसं नाथाजीनं लीलाबाईशी दुसरं लग्न केलं आणि साळूबाईला इस्लामपूरला तिच्या भावाकडे आणून सोडलं. भाऊ हरिबानं साताऱ्याच्या कोर्टात दावा लावला. त्रेचाळीस साली निकाल लागला, नाथाजीनं दरमहा सात रुपये पोटगी द्यावी. पुढं हरिबा पलटणीत गेला, त्याची बायको माहेरी राहायला गेली आणि त्या घरात साळूबाई एकटीच उरली.

दर महिन्याला पोस्टमन आकाराम मनिऑर्डर घेऊन यायचा. ती अंगठा उठवायची आणि विचारायची, "कुपनावर काय लिवलंय?"

"पोटगी. बाकी काय न्हाई."

दर खेपेला तोच एक शब्द. एकदा न राहवून ती म्हणाली, "आवं, ह्यो शबुद इंग्रजांचा हाय का वो?"

आकाराम उंबऱ्याशी टेकला. "आपलाच हाय की. पोटावरनं पोटगी. पोटाला घालायला द्यायचं, ती पोटगी."

"एवढंच?"

"एवढंच."

साळूबाईनं पैसे पदराला बांधले. "बारा वरसं एकामेकासंगं बोललो, भांडलो. त्येला काय म्हंत्यात कोर्टात?"

 पिशवी खांद्याला लावून आकाराम पुढच्या घरी गेला.

सेहेचाळीसच्या दिवाळीआधी दोन महिने मनिऑर्डर आली नाही. मग आकाराम एक कार्ड घेऊन आला. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. लीलाबाईनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. नाथाजी तापानं वारला, दिवसपाणी उरकलं, आता पैसे यायचे नाहीत.

"कवा गेलं?"

"दीड महिना झाला."

"आन् मी रोज सकाळी कुक्कू लावत हुते," ती म्हणाली.

शेजारच्या रंगुबाईला रडणं ऐकू आलं. ती दारात येऊन म्हणाली, "टाकून दिल्याल्या नवऱ्यापायी रडतीस व्हय गं?"  रंगुबाई गेल्यावर साळूबाईनं कुंकू पुसलं आणि एकेक बांगडी स्वतःच जात्यावर फोडली.

पुढच्या आठवड्यापासून ती भुईमुगाच्या शेंगा तोडायला जाऊ लागली. कामाच्या बाया आपापल्या सासरचं काढून हसायच्या. तिला विचारलं, की "कोरेगावात दिलीवती," इतकंच ती सांगायची.