उशाचा कणकेचा दिवा

ती घटना आजही मनातून जात नाही. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. रविवारी दुपारी टीव्हीवर चित्रपट लागला होता, आमच्या भिलाईतल्या कॅम्प-१ वस्तीतल्या जुन्या खुनावरचा. एका विधवेला तिच्याच खोलीत गळा दाबून मारलं होतं. तेव्हा मी नवखा फौजदार होतो. आरोपी कधी सापडलाच नाही. केस माझीच, म्हणून मी चित्रपटातल्या चुका काढायलाच बसलो होतो. वर्दीवरच्या फितीसुद्धा उलट्या लावल्या होत्या लेकाच्यांनी!

मग प्रेताचं दृश्य आलं आणि मी ताडकन उठलो. उशाशी कणकेचा दिवा होता, वात दक्षिणेकडे, आपल्यात मयताजवळ लावतात तसा. खऱ्या खोलीतही तो होता. पण पंचनाम्याबाहेर आम्ही त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. खुनी ओळखायला तीच खूण राखून ठेवली होती.

सोमवारी दिग्दर्शकाला फोन लावला. तो म्हणाला, "सर, शूटिंग देखने एक मराठी मौसी आई थीं. नकली लाश देखकर अड़ गईं, बोलीं, पहले दिया रखो."

त्यानं सांगितलेल्या वर्णनावरून ओळखलं, ही मौसी म्हणजे मयत बाईची धाकटी जाऊ. महिला शिपायाला घेऊन तिच्या घरी गेलो. नवरा खाटेवर बसला होता, ती परातीत कणीक मळत होती. इथं मी अक्कल गहाण टाकली. नवऱ्यादेखतच विचारलं, "मावशी, तेव्हा दिवा तुम्ही लावला होता का?"

तिचे हात थांबले. म्हातारा माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत राहिला. ती नजर मी ओळखली. हिला इथं सोडून गेलो, तर उद्या हिचाच पंचनामा करावा लागेल.

"मावशी, ठाण्यात चला."

"पोया कराच्या राह्यल्या जी."

"राहू द्या. चला आधी!"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "जाय. पन येशीन त घरीच ना?"

ठाण्यात ती बाकाच्या कडेला बसली. हाताला कणीक तशीच वाळली होती. "यायनंच मारलं. तिची खोली पाहिजे होती यायले. हे भायेर गेले तवा मी दिवा लावला. जाऊबाईले तशीच कशी सोडू? काल सिनेमा संगच बसून पाह्यला, अन् दिवा पाहून यायले समजलं. तवापासून एकच इचारून राह्यले, तुह्या डोक्यापाशी दिवा कोन लावन?"

तिला परत घरी पाठवलं नाही. म्हाताऱ्याला तासाभरात उचललं. दोन दिवस त्यानं उडवाउडवी केली. तिनं दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिल्याचं कळलं, तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी तिच्यावर चिडलोच.

"इचारलं कोनं? तुमी यायलेच इचारलं. मी दारातच उभी होती."

जुनी केस डायरी काढली. नवऱ्याचा दीड पानी जबाब आणि खाली एक ओळ: 'पत्नी का कथन भी यही है.' अक्षर माझंच होतं.

उरलेल्या वर्षात घरातल्या बाईचा जबाब मी नेहमी नवऱ्याच्या माघारी घेतला. पण त्या एका ओळीपायी ती इतकी वर्षं त्याला पोळ्या करून वाढत राहिली, हे आठवलं की अजूनही भीती वाटते.