बोलायचं काम वहिनीचं

माझा दादा कवळ्या करतो. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, तो मेणात एकेक दात बसवतो, रंग जुळवतो. शेकडो माणसं त्याच्या दातांनी हसतात. स्वतः मात्र मूग गिळून बसलेला.

वहिनी होती तेव्हा दोघं कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायची. अंतराळयानाचा, तीन भागांचा. आपण कप्तान. यानावर दहाबारा माणसं, त्यांच्याशी बोलायचं, म्हणजे पडद्यावरच्या उत्तरांतलं एक निवडायचं, आणि मधूनमधून लढायचं. एका भागात जे बोललात ते पुढच्या भागात ती माणसं लक्षात ठेवतात. लढाई दादाची, बोलणं वहिनीचं, अशी वाटणी होती. बोलणं सुरू झालं की दादा चहा ठेवायला उठायचा. "झालं की हाक मार गं!"

दोन भाग असे संपले. चार वर्षांपूर्वी वहिनी तिच्या बहिणीकडे निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. मी विचारलं तर दादा म्हणाला, "काही बोललीच नाही ती." मी रोज देवापुढे दोघांसाठी हात जोडते. काय मागायचं ते कळत नाही.

यंदा शेवटचा भाग आला. एका रविवारी दादानं मला बोलावून घेतलं.

"तू बोल. मला जमत नाही. तीन माणसं यान सोडून गेली."

"अरे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि इंग्रजी किती भराभर पळतं ते!"

"मी वाचून सांगतो."

म्हणजे या वेळी त्याला बसून राहावं लागलं. यंत्रं दुरुस्त करणारी म्हातारी समोर आली. दादा सांगू लागला, "कप्तान, मागे मी विचारलं होतं, घरी परत जाऊ का. तुम्ही म्हणालात, जिथं आपलं कोणी ऐकत नाही तिथं थांबू नये..." तो अडखळला. "हे मी नाही म्हटलं."

"मग कोणी म्हटलं?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर त्याला लढायची घाईच उरली नाही. स्वयंपाकी, डॉक्टर, चालक, एकेकाला गाठायचा. वहिनीनं काय काय बोलून ठेवलं होतं ते खेळ संपायच्या आत त्याला ऐकायचं होतं. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी शेवट आला: तीन दरवाजे, एक निवडा. कोणी काही विचारलं नाही, कोणाला मागचं आठवलं नाही.

"हा काय शेवट झाला?" दादा कडाडला. "एवढं सगळं बोलणं गेलं कुठं?"

"वाईट आहे का रे खेळ?"

"नाही गं. असा दुसरा नाही. म्हणून तर राग येतो."

"खेळावर कसला रागावतोस? तिला फोन कर."

त्यानं केला. मला ऐकू येईल असा, बहुतेक एकट्याला धीर होत नव्हता म्हणून.

"तिसरा भाग आलाय," दादा म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"माहीत आहे. संपवला मी."

"एकटीनं? आणि लढाया?"

"शिकले."

"ती म्हातारी भेटली?"

"भेटली की. पण मागचं सगळं तुझ्या कॉम्प्युटरवर. मी कोरं सुरू केलं, तिनं ओळखलं नाही मला." मग म्हणाली, "बरं वाटलं, खरं सांगू का?"

दादानं फोन जरा जवळ ओढला.

"शेवट मात्र अगदीच पाणचट," वहिनी म्हणाली. "तुझं कसं चाललंय?"

सवयीनं दादा खुर्चीतून अर्धा उठला, ओट्याकडे बघून पुन्हा बसला. चहा मी ठेवला. पाणी उकळेपर्यंत बाहेरून त्याचा आवाज आला नाही. ऐकत होता, की उत्तर शोधत होता, देव जाणे.