नागपूर वजा दहा मिनिटं

भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, पार गोव्यापर्यंत. रायपूर त्यात नसतं. आम्ही इथले मराठी लोक भोसल्यांच्या काळापासून इथे आहोत, पण कॅलेंडरवाल्यांच्या लेखी आमच्याकडे चंद्र उगवतच नाही. यावर नीलकंठकाकांनी तोडगा काढला होता : नागपूर वजा दहा मिनिटं. चंद्र पूर्वेकडून येतो, म्हणजे आधी आपल्याकडे आणि मग नागपूरला, असं ते गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत. अडतीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात काढलेला माणूस तो. चंद्र दोन मिनिटं उशिरा दिसला तर गच्चीवर त्यांची चुळबुळ सुरू व्हायची.

उपवास खरा इंदूकाकूंचा. काकू दिवसभर उपाशी राहायच्या आणि काका संध्याकाळी गच्चीवर उभे राहून वरूनच हाक मारायचे, "इंदू, निघाला!" चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. पुढच्याच चतुर्थीला काकांनी उपवास धरला. रविवारी मटण नसेल तर ज्याचं तोंड वाकडं व्हायचं, तो माणूस. मी विचारलं तर म्हणाले, "तिचा चालू होता न. मधातच कसा सोडायचा?"

मी पूर्णिमा. त्यांच्या शेजारची. ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि माझा आवाज त्या भिंतीला जुमानत नाही. शाळेत गणित शिकवते, घरी एकटी असते. वर्गात दिवसभर ओरडायची सवय झालेली, घरी आलं की ओरडायला कुणी नाही. मग दूधवाल्यावर निघतं.

दिवाळीआधीच्या चतुर्थीला काका गच्चीच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले. सकाळी मधुमेहाची गोळी घ्यायची आणि दिवसभर पाण्यावर राहायचं, दुसरं काय होणार? मीच उचललं, मीच साखर चारली. त्यांची मुलगी गंधाली बंगळूरला असते. फोनवर ती रडली, तिनं स्वतःची शपथ घातली, "बाबा, अब से उपवास बंद." काकांनी मान डोलावली, "हव." आणि पुढच्या चतुर्थीला पुन्हा उपाशी. तिला सांगायचं नाही म्हणून मलाही बजावलं.

जानेवारीत काका सत्तर वर्षांचे झाले. गंधालीनं व्हीआयपी रोडवरच्या एका भारी हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं. तिथे स्टेक मिळतो. मांसाचा जाडजूड तुकडा, तापलेल्या लोखंडी तव्यावर, सुरी-काट्यानं कापून खायचा. बाबांना मटण आवडतं म्हणून मुलीनं शोधून शोधून ते हॉटेल काढलं. ती स्वतः येणार होती. दोन दिवस आधी ऑफिसनं तिची रजा रद्द केली. तरी टेबल राहू दिलं, "आप पूर्णिमा दीदी को ले जाओ, मैं आठ बजे व्हिडिओ कॉल करती हूँ," म्हणाली. तिनं सगळं पाहिलं, फक्त कॅलेंडर पाहिलं नाही. तो मंगळवार होता आणि चतुर्थी होती. अंगारकी!

सकाळी काका भिंतीपलीकडून आले. "पूर्णिमा, एक काम होतं. ती फोन करन तेव्हा मी तुकडा कापतो, काटा तोंडापाशी नेतो. तू मंग फोन घे आन् सांग का काका मस्त खाऊन राहिले. फोन बंद झाला का माहं ताट तू खा."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"तुले स्टेक भेटून राहिला न!"

मी रागावले, पण गेले. खरं सांगते, स्टेकसाठी गेले. त्या रस्त्यावरच्या हॉटेलात मला स्वतःहून कोण नेणार होतं?

काकांनी मुलीनं पाठवलेला नवा स्वेटर घातला होता. आत अंधुक पिवळे दिवे, टेबलावर जाड कापडी रुमाल आणि माझ्या विळीपेक्षा मोठी सुरी. वेटरनं अदबीनं विचारलं, "सर, कितना पका हुआ लेंगे?" काका म्हणाले, "पूरा पकाओ भैया. कच्चा काहून खाएगा कोई?" पावणेआठला दोन तवे चरचरत आले. बोकडाच्या मांसाचा वास, वर लोणी वितळतंय. काकांनी डोळे मिटून नुसता वास घेतला. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

त्यांनी फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभा केला. केस सारखे केले. सुरी उजव्या हातात, काटा डाव्या हातात धरून बसले.

आठ वाजले. आठ दहा झाले. माझा स्टेक मी अर्धा संपवला होता. चांगला होता, उगाच नावं कशाला ठेवू? काकांच्या तव्याचा आवाज केव्हाच थांबला होता. वेटर दोनदा येऊन गेला, "सर, ठंडा हो रहा है." काका म्हणायचे, "बेटी का फोन आने वाला है." आजूबाजूच्या टेबलांवर घरंच्या घरं बसली होती. एक पोरगं आजोबांच्या ताटातले बटाटे पळवत होतं. काका तिकडे पाहत आणि पुन्हा फोनकडे पाहत.

आठ पंचवीसला फोन वाजला नाही, नुसता थरथरला. निरोप होता : "बाबा, मीटिंग में फँस गई, सॉरी! हैप्पी बर्थडे! अच्छे से खाना. फोटो भेजना."

काकांनी तो दोनदा वाचला. मग मला म्हणाले, "घे, फोटो काढ." त्यांनी तुकडा कापला, काटा उचलला आणि हसले. मी फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं, "वाह बाबा! पूरा खत्म करना!" खाली लाल बदाम.

काकांनी काटा तुकड्यासकट खाली ठेवला. इतकं सोपं गेलं ते! दिवसभर आम्ही दोघांनी खोटं बोलायची तयारी केली आणि ऐकायला कुणी आलंच नाही. गंधालीवर चिडावं असं मला वाटलं, पण चिडता येईना. पोरगी वाईट नाही. लांब आहे, एवढंच.

तेवढ्यात चार वेटर एका बशीत केक आणि मेणबत्ती घेऊन आले, टाळ्या वाजवून गायले. काकांनी त्यांना हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडे माझं लक्ष गेलं. ते थरथरत होते. कपाळावर घाम होता, जानेवारीच्या थंडीत.

मी माझ्यासाठी मागवलेला मोसंबीच्या रसाचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "प्या."

"आठ अठ्ठेचाळीसले चंद्र हाय. नागपूर आठ अठ्ठावन्न. सतरा मिनिटं रायली."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "काय लावलं हे काका? सतरा मिनिटात तुमी इथं आडवे झाले तर उचलन कोण? मागच्या वेळेसही मीच उचललं न? काकू असत्या तर त्यायनं चालू दिलं असतं हे? तुमच्या उपवासानं त्या वापस येऊन राहिल्या काय? चूप ग्लास उचला आन् प्या!"

सगळं हॉटेल वळून पाहायला लागलं. गाणारे वेटर जागच्या जागी थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काकांकडे पाहिलं तर ते हसत होते. मघाच्या फोटोतलं हसू नव्हे ते.

"इंदू अशीच वरडायची," ते म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "मले वाटे, गंधाली मले पकडन. माहा चेहरा पाहून ओळखन. म्हणन, बाबा, खोटं काहून बोलून राहिले, खा आधी. म्या खाल्लं असतं पूर्णिमा. अंगारकी असती तरी खाल्लं असतं. चार वर्सात मले कोणी रागावलंच नाही. फोनवर सगळे म्हणते, काळजी घ्या, काळजी घ्या."

त्यांनी ग्लास उचलला. घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि रस घटाघटा प्यायले. ज्या माणसानं जन्मभर एक गाडी वेळेआधी सुटू दिली नाही, त्यानं उपवास सतरा मिनिटं आधी सोडला. मी केकही त्यांच्यापुढे ढकलला. स्टेकला त्यांनी हात लावला नाही. मंगळवार तो मंगळवारच. तो मी बांधून घेतला.

बाहेर आलो तेव्हा चंद्र समोरच्या इमारतीवर आला होता. काकांनी स्वेटरच्या खिशातून तिळाच्या लाडवांची डबी काढली. गोल बाजारातून तीळ आणून त्यांनी स्वतः वळले होते, वेडेवाकडे. एक चंद्राला दाखवला, एक मला दिला. दातांनी फुटत नव्हता.

ई-रिक्षात बसलो. वारं झोंबत होतं. समोर पाहतच काकांनी विचारलं, "पुढच्या चतुर्थीलेही वरडशीन का?"

हो म्हणायला गेले असते तर रडू फुटलं असतं.

"थंडी पाहा केवढी हाय," मी ओरडले. "मफलर कायले आणला, खिशात ठेवायले? बांधा आधी!"

काकांनी मुकाट्यानं मफलर बांधला.