रेघ एकदाच

गल्लीत तिला सगळे काचवाली म्हणत. नवीन गिऱ्हाईक आधी तिच्या दिराकडेच वळायचं. तो हसून म्हणायचा, "मी नुसती मापं घेतो. काच वहिनी कापतात." काच कापायची हिरकणी तिला सासऱ्यांनी दिली होती, आणि सोबत एक नियमही. श्वास सोडत रेघ ओढायची, आणि एकदाच. त्याच रेघेवरून पुन्हा हात फिरला की काच भलतीकडेच तडकते.

दुकानात तिने हा नियम कधी मोडला नाही. घरी मात्र लेक दारातून आत आली रे आली की सुरू. जेवलीस का? नक्की? मग तोंड का उतरलंय? पोरीने स्कूटर घेतल्यापासून तर हिचा जीव सदा टांगणीला. शेवटी पोरीने बोलणंच आवरतं घेतलं. ती स्कूटरवरून पडली, हे आईला कळलं ते शेजारणीकडून.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर महिनाभर रोज तेच विचारत बसली असतीस."

ते तिच्या जिव्हारी लागलं. लेक दुरावू नये, आपलं मन जरा शांत व्हावं म्हणून ती श्वासाच्या, ध्यानाच्या वर्गाला जाऊ लागली. "मनात येईल ते येऊ द्या, आणि जाऊ द्या," शिकवणारी बाई म्हणे. येत होतं ढीगभर, जायचं नाव कोणी घेत नव्हतं. ही एक डोळा किलकिला करून फोनकडे बघत बसायची.

"वहिनी, जमतंय का?" दीर विचारी.

"जमतंय. शेजारची बाई तर घोरते."

एका सकाळी लेक न बोलता निघून गेली. त्याच विचारात काचवालीने आरशावर रेघ ओढली आणि नीट उमटली नाही असं वाटून पुन्हा ओढली. ठोकताच तडा वाकडातिकडा पार दुसऱ्या टोकाला गेला.

"वहिनी, तुम्ही?" दीर बघतच राहिला.

तिने तुकडे गोळा केले. नवा आरसा मेजावर घेतला. श्वास सावकाश सोडला, हात त्याच्यासोबत सरकला. कट्ट! काच सरळ सुटली. तेवढ्या एका श्वासात स्कूटर नव्हती, फोन नव्हता. 'ती बाई हेच सांगत होती की!' ती मनाशी म्हणाली.

संध्याकाळी लेक आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"काय झालं गं?"

"काही नाही."

दुसरा प्रश्न जिभेच्या टोकावर आला. तिने सावकाश श्वास सोडला आणि वाटाणे सोलत राहिली. काही वेळाने लेकही समोर बसली, मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"आई, बरी आहेस ना?"

"आहे की."

"मग विचारत का नाहीस?"

"विचारलं ना एकदा."

लेक खुदकन हसली. मग तिने बाही वर केली. कोपर सोललं होतं. "आज परत घसरले."

काचवालीने कोपर उजेडात धरलं. हेल्मेट होतं का? कोणी धक्का दिला? किती जोरात होतीस? प्रश्न पोटात रांग लावून उभे होते. ती उठली, औषधाची बाटली आणि कापूस घेऊन आली.

"हळू लाव हं."

तिने श्वास सोडत कापूस टेकवला. लेक कळवळली, पण हात मागे घेतला नाही.

"वळणावर ना, आई, वाळू सांडलेली होती..." ती आपणहून सांगू लागली.